अर्धा एकर रिस्लिंग

त्या वर्षी चैत्र लागला तरी भाऊंच्या प्लॉटवर द्राक्षं तशीच होती. आजूबाजूचा माल कधीच उतरून गेला होता, व्यापाऱ्यांच्या गाड्या बंद झाल्या होत्या. फक्त ह्या अर्ध्या एकरात घड लोंबत होते. आधी पिवळे, मग तांबूस, मग सुरकुतलेले. मी रोज सकाळी पत्र्याचा डबा वाजवत ओळींमधून फिरायची. पाखरं हाकल असं मला कोणी सांगितलं नव्हतं. हाकलू नको असंही कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून हाकलत होते.

आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे, धानाच्या मुलखातले. माझी शाळा आठवीत सुटली. लग्न झालं, नवऱ्याला जालन्यात सळईच्या कारखान्यात काम लागलं, म्हणून इकडे आलो. भोकरदन रस्त्याला आबांचा मळा आहे. तिथं राहायला खोली आणि मला बागेत काम, असं जमलं. आबा म्हणजे मळ्याचे मालक, मावशी त्यांची बायको, आणि भाऊ त्यांचा एकुलता एक मुलगा. आल्या वर्षीच्या थंडीत मी तापाने पडले तेव्हा मावशी मऊ भात करून स्वतः खोलीवर घेऊन आली. म्हणाली, "तू भातखाऊ मुलखातली. भाकरीनं तुला ताकद यायची न्हाई." परक्या गावात एवढं कोण करतं? तेव्हापासून मला एकच धास्ती, आपल्या हातून ह्या घराचं काही नुकसान होऊ नये.

भाऊ नाशिककडे एका वाइनच्या कारखान्यात काही वर्षं काम करून परत आले होते. मोसंबीची जुनी झाडं काढून त्यांनी ही रिस्लिंग लावली, वाइनच्या द्राक्षांची परदेशी जात. फुटाण्याएवढे मणी, जाड साल, आत बिया. बांधावरून जाणारा कोणीही थांबून विचारायचा, "आबा, पोरानं गोट्या पेरल्या का काय?" मावशीचा राग निराळा. "खायच्या कामाची न्हाई, नैवेद्याच्या कामाची न्हाई. पाव्हणा आला तर त्याच्या हातावर काय बिया ठेवू?"

"माय, पाव्हण्याला बाटली देऊ ना."

"मंग त्याला घरापोहोच करायला तूच जा."

पहिलाच बहार होता. माघात भाऊ रोज मला एक मणी तोडून द्यायचे. "वहिनी, आज कशी लागून राह्यली?"

"गोड."

"मंग अजून न्हाई."

मला हसू यायचं. गोड झाली तर तोडायची, नाहीतर कधी? ते म्हणायचे, "जल्दी करू नका. गोडी सगळ्यांलाच येते, वास उशिरा येतो. वेलीवर राहू दिली की मधासारखा वास धरती ही. दुसरी द्राक्षं एवढी ठेवली तर नुसता गूळ होतो. ही जात आंबटपणा सोडत न्हाई, म्हणून हिला उशीर सोसतो."

"मग हिची वाइन फार गोड होत असेल."

"बिलकुल न्हाई. रस आंबवायला यीस्ट घालतात, ते सगळी साखर खाऊन टाकतं. मला कोरडीच करायची आहे. गोडीचा थेंब उरायला नको."

मला काही पटलं नाही. इतके दिवस पाखरांपासून राखून गोडी साठवायची आणि शेवटी ती काढून टाकायची, मग थांबायचं तरी कशाला? असं मी विचारलं तर भाऊ म्हणाले, "झाल्यावर वास घ्या, मंग विचारा."

ते विचारायचं राहिलं. होळीच्या आधी भोकरदनहून परत येताना भाऊंच्या मोटरसायकलला ट्रकने उडवलं.

त्यानंतर आबा खायच्या द्राक्षांचा व्यवहार बांधावर उभं राहून उरकायचे, पण रिस्लिंगच्या कोपऱ्याला आले की माघारी फिरायचे. मावशी म्हणायची, "उपटून टाका ते. डोळ्यापुढं नको." आबा "हं" म्हणायचे. तोडा म्हणायचे नाहीत, उपटा म्हणायचे नाहीत. असे दिवस गेले, ऊन वाढलं, मणी वेलीवर सुकायला लागले.

एका दुपारी वारं सुटलं, आभाळ काळं झालं. गारा पडल्या तर सगळं जमिनीवर येणार. मी घाबरत घाबरत ओसरीवर गेले. "आबा, आभाळ आलंय. घड गळून राहिलेत."

"गळू दे."

मी वळले तर मागून आवाज आला. "चव कशी आहे?"

"मी खाल्ली नाही."

आबा उठले. त्या प्लॉटमध्ये ते भाऊ गेल्यावर पहिल्यांदाच शिरत होते. एक मणी तोंडात टाकला, बियांसकट चावला आणि कितीतरी वेळ वेलीची तार धरून उभे राहिले. मग खिशातून भाऊंचा फोन काढला. तो फोन ते रोज चार्ज करून ठेवायचे हे मला तेव्हा कळलं. त्यावरून त्यांनी नाशिकच्या बाईंना लावला. भाऊ ज्यांच्या हाताखाली वाइन शिकले त्या ह्या बाई.

पाऊस हुकला. बाई टेम्पो आणि क्रेट घेऊन आल्या. घड हातात घेऊन म्हणाल्या, "इतक्या उशिरापर्यंत आम्ही कधी ठेवली नसती."

"वाया गेली का?"

त्यांनी दोन-तीन मणी खाल्ले. "नाही. आंबटपणा आहे अजून." मग म्हणाल्या, "साखर खूप चढलीय, आबा. गोड वाइन सहज होईल. लोकांना तीच आवडते. काय करू?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. "त्यानं काय ठरवल्तं?"

"कोरडी," मी म्हणाले. आणि लगेच धास्तावले. माझ्या ऐकण्यात चूक झाली असली तर? आठवी शिकलेल्या बाईच्या एका शब्दावर सगळा माल जाणार. पण आबा म्हणाले, "बराबर. कोरडीच करा."

आम्ही तोडणी केली. मावशी मळ्यात आली नाही. चहा मात्र दोनदा पाठवला.

उन्हाळ्यातली खरड छाटणी, पुढच्या बहारासाठी वेली छाटतात ती, आबांनी करून घेतली, पण पावसाळा सरत आला तेव्हा मावशीने पुन्हा लावून धरलं. तिथं मोसंबी लावा, म्हणे. आबांनी जेसीबीवाल्याला दसऱ्याच्या आधी ये म्हणून सांगितलं. मग आतल्या आत घुटमळत राहिले, रोज संध्याकाळी प्लॉटला एक चक्कर मारायचे. मला वाटायचं, नको उपटायला. पण मी कोण सांगणारी? प्लॉट गेला तर माझं काम राहील का, हीही काळजी होतीच, खोटं कशाला बोलू.

जेसीबी येणार त्याच आठवड्यात बाई दोन बाटल्या घेऊन आल्या. मावशी दारातच उभी राहिली. "घरात आणू नको, बाई. बाहेरच काय ते करा."

आम्ही ओट्यावर बसलो. ऊन कललं होतं. घरातून स्टीलचे पेले आणले. वाइनचा रंग करडईच्या तेलासारखा पिवळा होता. मी पेला नाकाशी नेला आणि मला गावाकडे अंगणात वाळत घातलेली मोहाची फुलं आठवली. फुलं वाळायला लागली की सगळ्या घराला असाच वास सुटायचा. त्याच्यामागून मध आला, मोसंबीची साल आली. एवढ्या वासाने तोंड गोडाला तयार झालं. घोट घेतला तर गोडी नाहीच. आंबट, थोडी तुरट, साल चावल्यासारखी. गिळली, आणि मग घशातून तो सगळा वास परत वर आला. तोंड कोरडं, आणि वास काही जाता जाईना. भाऊ एवढे थांबा थांबा का म्हणत होते, ते तेव्हा कळलं. सांगायला ते नव्हते.

आबांनी एक घोट घेतला, पेला खाली ठेवला. "त्याला हीच पायजे होती का?"

"हीच," बाई म्हणाल्या.

"मलाही दे," मावशी म्हणाली.

आबा पेला पुढं करायला लागले तर तिने मान हलवली. पदर डोक्यावर घेतला, ओट्यावर येऊन बसली आणि उजव्या हाताचा खळगा करून पुढं धरला, खाली डावा हात. देवळात तीर्थ घेतात तसा. आबांनी थेंबही न सांडता त्यात ओतलं. मावशीने आधी वास घेतला, मग ओठ लावून पिऊन टाकलं. जरा वेळ तोंड तसंच मिटून बसली.

"वासाला एवढी गोड," ती म्हणाली, "अन् तोंडात काहीच न्हाई."

आणि सवयीने ओला तळवा डोळ्यांना लावला, मग डोक्यावरून मागे फिरवला. तीर्थ घेतल्यावर फिरवतो तसा. हे तीर्थ नव्हे, असं अर्ध्यात तिच्या लक्षात आलं असावं. हात केसांवर तसाच राहिला.

"किती टिकते ही?" तिने बाईंना विचारलं.

"आठ-दहा वर्षं. वास बदलत जातो."

"दुसरी फोडू नका मंग." ती बाटली तिने स्वतः उचलून घरात नेली आणि भाऊंच्या कपाटात ठेवली. परत येऊन आबांना म्हणाली, "त्याला करायची होती ती झाली. आता उपटा."

"राहू दे की," आबा म्हणाले. "चांगली निघाली ना."

"चांगली निघाली म्हणूनच. दरवर्षी कोणाच्या तोंडाकडं बघून तोडायची? त्याच्याबिगर ते तुम्हाला बघवल का मला?"

मग मावशी माझ्याकडे वळली. माझ्या तोंडावर काय दिसलं कोण जाणे. "तू का सुकली? मोसंबीला काय माणूस लागत न्हाई?"

जेसीबी आला त्या दिवशी ती प्लॉटकडे पाठ करून ओट्यावर बसली आणि माझ्या हातात फणी दिली. मागे मशीन घरघरत होतं, तारा तुटल्याचे आवाज येत होते. मी तिचे केस विंचरत होते. वाइनचा तळवा केसांवरून फिरवला त्या दिवसानंतर तिने डोक्यावरून पाणी घेतलं नव्हतं, हे मला माहीत होतं.

"येतो का गं वास?" तिने विचारलं.

मी वाकून पाहिलं. खोबरेल तेलाचाच होता.

"येतो, मावशी," मी म्हणाले, आणि वेणी घालायला घेतली.