सहीसाठी गेलेली वही

मंगळवार, पोळ्यानंतरचा. हजर: तंटामुक्ती समितीच्या आम्ही तिघी, पोलीस ठाण्यातल्या हवालदारबाई आणि सरपंचांची सून. समितीचे सदस्य असलेले सरपंच भोकरदनला गेले होते, म्हणूनच ती आज आली.

"सासरे मारतात. त्यांना कळलं तर मी जिती राहत न्हाई, ताई," ती म्हणाली. मी सवयीनं सगळं तिच्या नावासकट बैठकीच्या वहीत लिहिलं.

गैरहजर सदस्यांच्या सहीसाठी शिपाई वही त्यांच्या घरी नेऊन ठेवतो, हे मला घरी पोचल्यावर आठवलं. शिपायाला फोन केला.

"सरपंचांच्या टेबलावर ठेवून आल्तो की, मॅडम."

सुनेचा फोन सासूकडे असतो, तिला कळवायची सोय नाही. हवालदारबाईंना सरपंचांच्या घरी निघायला सांगून मी चपला घातल्या. सरपंच पाचच्या एसटीनं येतात. पावणेपाच झालेत. वही अजून आणायची आहे.