फोरमननी दाखवलेली जागा

फोरमनना वास येत नसे. क्रोम प्लेटिंगच्या टाक्यांवर उभं आयुष्य वाकून काढल्यामुळे त्यांच्या नाकातल्या पडद्याला भोक पडलं होतं. चपलेचा अंगठा तुटल्याचं सांगावं, तसं ते हे सांगत. "जेवन काय, समदं सारखंच लागतं," म्हणत आणि डबा शांतपणे संपवत.

सुप्याजवळचा तो कारखाना बंद पडून बरीच वर्षं झाली होती. कामगार पांगले, फोरमन मात्र त्याच आवारात राखणदारी करत राहिले. जागा एका बिल्डरनं घेतली होती, घरांसाठी प्लॉट पडणार होते. त्याआधी माती तपासायचं काम आमच्याकडं आलं आणि मी नमुने घ्यायला जाऊ लागले. त्यांचं खरं नाव हजेरीच्या कागदावर दिसलं, पण माझ्या तोंडी कधी बसलं नाही.

प्यायचं पाणी ते घरून कॅनमध्ये आणत. पहिल्याच दिवशी मी तोंड धुवायला आवारातल्या नळाकडं वळले, तर त्यांनी कॅन पुढं केला. कारण सांगितलं नाही. तीन आठवडे आम्ही ठरावीक अंतरावर भोकं पाडत होतो आणि ते खुर्ची टाकून बघत होते. शेडखालची माती खराब निघाली, ते अपेक्षितच होतं. मागचा कोपरा चांगला आला. तसं मी अहवालात लिहिलं. शेवटच्या दिवशी त्यांना सहज म्हणाले, की पहिली घरं मागं होतील, तिकडं काही नाही.

ते उठले, मागच्या कुंपणापर्यंत चालत गेले आणि आमच्या दोन भोकांच्या मधोमध उभे राहिले.

"हितं खना, मॅडम. पिंपं हायेत गाळाची. मीच पुरलीत."

पुरायला कोणी सांगितलं, असं मी विचारलं. मालकानं, ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "पन जागा मी दावली."

कुंपणापलीकडची विहीर त्यांच्या थोरल्या भावाची, आबांची. पिंपं पुरल्यावर तिसऱ्या उन्हाळ्यात तिचं पाणी पिवळं झालं. डाळिंबं वाळली. खडकाचा दोष असेल, असं गाव म्हणालं. फोरमन गप्प राहिले, नोकरी होती, मुलाचं शिक्षण चालू होतं. भावांत भांडण झालं नाही. फोरमननीच आबांच्या घरी जाणं सोडलं. "काय तोंडानं बसायचं त्येच्या वट्ट्यावर?" एवढंच मला म्हणाले.

बिल्डरच्या माणसानं मला पिंपांचा उल्लेख नसलेल्या तयार अहवालावर सही करायला सांगितलं. मी केली नाही. फोरमनना त्यानं बाजूला घेऊन समजावलं, की राखणदारीचं काम जाईल. "गेलं तर गेलं," म्हणाले आणि सरकारी अधिकाऱ्यांसमोर जबाब देऊन आले. काम गेलंच.

तरी खोदाईला ते रोज येत, दोरीबाहेर उभे राहत. पोकलेननं कुजलेली पिंपं वर काढली, खालची माती हळदीसारखी पिवळी होती. दुसऱ्या दिवशी आवाज ऐकून आबा कुंपणापाशी आले. फोरमन त्यांच्याजवळ गेले.

"आबा, ह्ये मी पुरलेलं हाय."

आबांनी बराच वेळ खड्ड्यात पाहिलं. "हिरीचं पानी पिवळं झालं, तवा तुला ठाव हुतं?"

"व्हय."

आबा वळून घरी गेले. फोरमन तिथंच उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही, माझ्याही नसावं. मी पुढच्या पिशवीवर नंबर टाकला.

माती गेली, खड्डा चांगल्या मुरमानं भरला. पाणी मात्र वर्षानुवर्षं उपसून शुद्ध करावं लागतं. दर तपासणीनंतर फोरमनचा फोन येई, आबाच्या विहिरीचं कसं आहे म्हणून. क्रोमियमचे आकडे हलत नव्हते. मी तसं सांगे, ते बरं म्हणत.

गेल्या खेपेला आकडा पहिल्यांदा खाली आला. त्यांचा फोन आला नाही म्हणून मीच लावला. सुनेनं उचलला. मामंजी गेले, परवा दहावा झाला, म्हणाली.

"काही काम होतं का?" तिनं विचारलं.

विहिरीचं पाणी सुधारतंय, एवढंच सांगायचं होतं, असं मी म्हणाले.

ती म्हणाली, "आबा इथंच बसलेत. त्यांना देऊ का फोन?"