केसरीनाथचा हवेवरचा हात

नारपोलीला सुताला खळ लावायच्या साइझिंगमध्ये बॉयलर ऐकायचा तो एकट्या केसरीनाथचं. हवा कमी पडली की धुराडं काळं ओकतं, हे तिथं कुणीही सांगेल. केसरीनाथ उलटी बाजू शिकवायचा. नव्या फायरमननं डँपर, म्हणजे हवेची झडप, सताड उघडली की त्याचा पारा चढे. "अरे, जास्त हवेनं आग भडकते, पन सगली गरमी धुराड्यातून पलून जाते! उजेड बघून फसू नको." माणूस फटकळ, पण वाफ त्यानं कधी पडू दिली नाही.

घरी राहनाळला बायको मैना अंथरुणाला खिळलेली. जन्मभर चूल फुंकून छातीची वाट लागली होती. नाकात नळी, उशाशी ऑक्सिजनचं मशीन. डॉक्टरांनी बजावलं होतं, "मशीन दोन लिटरच्या वर न्यायचं नाही. अशा छातीला जास्त सोसत नाही. गुंगी येईल, श्वास थांबेल." केसरीनाथ हसला होता. हे त्याला शिकवायला नको होतं.

रविवारी दुपारी मैनाला धाप लागली. ओठ निळे पडले. तिनं त्याचं मनगट धरलं.

"मना दम न्हाय पुरत. जरा वाढवा ना."

"डाक्टर न्हाय बोललाय, मैना."

"तुमचा बॉयलर मागतो तवा देता ना?"

सगळ्या संसारात तिनं कधी काही मागितलं नव्हतं. त्यानं डॉक्टरांना फोन लावला, कुणी उचलला नाही. मग त्याच्या हातानं बटण फिरवलं. थोडं, आणखी थोडं. तिच्या गालावर रंग आला, धाप बसली. केसरीनाथला इतकं हायसं वाटलं की डोळे भरून आले. तो तिचे पाय चेपत बसला. ती झोपली. बऱ्याच दिवसांनी गाढ झोपली म्हणून त्यानं मशीनला हात लावला नाही. उन्हं उतरली तेव्हा तिचे पाय गार लागले.

लेक सुकन्या जवळच्या पूर्णा गावाहून धावत आली. रडून तिचा आवाज बसला. केसरीनाथ भिंतीकडं बघत म्हणाला, "मी हवा वाढवली, पोरी."

"बरं केलंत, बाबा." ती त्याच्या गळ्यात पडली. "शेवटला तरी आईला पोटभर श्वास भेटला. तुमच्यासारखा जाणता उशाशी होता."

त्याच हवेनं ती गेली, हे त्याला ओरडून सांगायचं होतं. पण तो लेकीच्या पाठीवरून हात फिरवत राहिला, आणि तो हात त्याला स्वतःचा वाटेना.