शेवटच्या पानावरचा शेरा

त्या वर्षी सोलापुरात मी वाचनालयातल्या अद्भुत कादंबऱ्यांचा सपाटा लावला होता. आम्हा वाचकांना एक खोड होती. पुस्तक परत करताना शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने शेरा लिहायचा. ग्रंथपाल चिडायचे आणि मग स्वतःच ते शेरे वाचत बसायचे.

चंद्रावरच्या वस्तीची कादंबरी मला भिकार वाटली, बोलणाऱ्या यंत्राची बरी. पण एका कादंबरीने माझं डोकंच फिरवलं. तिच्यात एक अख्खं गाव पाण्याखाली जातं, आणि हे आधीपासून माहीत असूनही लोक नेहमीसारखी पेरणी करतात. मी रागाने लिहिलं, "लेखकाने खेडं पाहिलेलं नाही. गाव बुडणार हे कळल्यावर कोण पेरतं?"

दोन महिन्यांनी एका मित्राला दाखवायला मी तेच पुस्तक पुन्हा घेतलं. माझ्या शेऱ्याखाली कुणीतरी पेन्सील दाबून, सावकाश लिहिलं होतं :

"आमचं गाव भीमेकाठी हाय. धरणाची मोजणी झाली. पाणी कुठवर चढणार त्याची चुन्याची खूण देवळाच्या कळसाखाली मारून गेलेत. आमी औंदाबी ज्वारी पेरलीय."