बोरोबुदूर चढलेल्या दोघी

दोन हजार पाचच्या सुमारास आम्ही ऑकलंडमध्ये न्यू लिनला एका जुन्या युनिटमध्ये भाड्याने राहत होतो. मी पेनरोजच्या एका कारखान्यात डिझाइनचं काम करायचे, नवरा आयटीत. त्या वर्षी आई पहिल्यांदा आमच्याकडे आली, सहा महिन्यांसाठी. पहिला आठवडा तिने आमचं घर आवरण्यात घालवला. दुसऱ्या आठवड्यात आवरायला काही उरलं नाही आणि ती कंटाळली. कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत, म्हणजे तिथल्या किराणा दुकानापर्यंत, चालून येत जा, असं मी सुचवलं, तर म्हणाली, दूध तर घरात आहे, तिथे जाऊन करू काय?

शेजारच्या युनिटमध्ये जावा बेटावरची एक बाई राहायची. माझ्याच वयाची, हसरी. एका वृद्धाश्रमात नर्सचं काम करायची, त्यामुळे पुष्कळदा दुपारी घरी असायची. एकदा तिने आईला खुणेनं चहाला बोलावलं. संध्याकाळी मी कामावरून आले तर आई दारातच उभी.

"अगं, हिच्या भिंतीवर स्तूपाचा फोटो आहे," ती म्हणाली. "आणि ही तर नमाज पढते."

मी जाऊन विचारलं. तो बोरोबुदूरचा फोटो होता. तिचं गाव त्या स्तूपाच्या इतकं जवळ, की घरामागच्या भाताच्या खाचरातून त्याचा कळस दिसतो. गाव सगळं मुसलमान. पण बुद्ध आमचा फार जुना शेजारी आहे, असं तिने मला सांगितलं, आणि मी ते आईला मराठीत सांगितलं.

आमच्या घरात आजोबांच्या पिढीत बौद्ध धम्म आला. आईने महिला मंडळाच्या बसने सांची केली होती, बोधगया केली होती. बोरोबुदूर तिने फक्त विहारातल्या कॅलेंडरवर पाहिलं होतं. महिन्याभराने शेजारीण सुट्टीवर गावी निघाली तेव्हा तिने सहज म्हटलं, चला माझ्याबरोबर, घर मोठं आहे. तिने सहज म्हटलं होतं, पण आईने त्याच दिवशी बॅग काढली. नवऱ्याला रजा मिळेना. मला आठ दिवस मिळाले आणि आम्ही तिघी निघालो.

गाव म्हणजे लाल कौलांची बैठी घरं, बांबूची बेटं आणि जिकडेतिकडे नारळ. शेजारणीची आई अंगणात वाट बघत होती. सत्तरीची, बारीक चणीची, डोक्याला रुमाल बांधलेली. तिने माझ्या आईचे दोन्ही हात धरले आणि जावानीजमध्ये लांबलचक काहीतरी विचारलं. आईने मराठीत तितकंच लांब उत्तर दिलं. दोघींना एकमेकींचं एक अक्षरही कळलं नाही, पण दोघीही समाधानाने आत गेल्या.

त्या घरात नारळाच्या रसाचा गूळ करायचे. शेजारणीचा भाऊ सकाळ-संध्याकाळ झाडांवर चढून फुलोऱ्याचा रस बांबूच्या नळ्यांत उतरवायचा, आणि म्हातारी तो चुलीवर मोठ्या कढईत आटवायची. तिने एक ढेप आईच्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "गुला." आई माझ्याकडे बघायला लागली. मग तिने स्वतःच त्या ढेपेवर बोट ठेवून सावकाश म्हटलं, "गूळ." म्हातारीने मान डोलावली, जणू आई जावानीजच बोलली होती.

मग दोन दिवस त्यांचा हाच उद्योग. त्यांचं नामा म्हणजे आपलं नाव, त्यांचं मुका म्हणजे आपलं मुख. सगळ्यात गंमत झाली ती चिंतेची. आम्ही जेवायला बसलो होतो. म्हातारीने लेकीकडे बोट दाखवून, ही इतकी लांब राहते, अशी खूण केली. आई म्हणाली, लांब गेलेल्या पोरीची आईला चिंता असतेच. एवढ्या वाक्यातला तेवढा एकच शब्द म्हातारीने उचलला आणि ती जोरजोराने मान हलवू लागली. शेजारणीने खुलासा केला, की त्यांच्याकडे चिंता म्हणजे प्रेम.

"मग बरोबरच आहे की," आई म्हणाली आणि पुढचा घास घेतला.

तिसऱ्या दिवशी आईने घोटाळा केला. तिचे वडील कराडकडे एका गुऱ्हाळावर गुळव्या होते. काहिलीतला पाक कधी उतरवायचा, हे आपल्याला कुणी शिकवायला नको, असा तिचा ठाम समज. म्हातारी कोंबड्यांना दाणे घालायला उठली तेवढ्यात आईने उलथनं हातात घेतलं, पाक बघितला, झाला असं ठरवलं आणि मला हाताशी घेऊन करवंट्यांत ओतूनही टाकला. उसाचं गणित नारळाला लागू पडत नाही, हे दुसऱ्या दिवशी कळलं. म्हातारीने करवंटी उपडी केली तर सगळं घरंगळत खाली आलं. आईचा चेहरा इतका पडला, की मला तिच्याकडे बघवेना.

थोड्या वेळाने आईने माझ्याकडे गव्हाचं पीठ मागितलं. ते गावात नव्हतं, भावाने मोटरसायकलवरून बाजारातून आणलं. मग आईने तिथल्या कढईच्या बुडावर चपात्या भाजल्या आणि तो न जमलेला गूळ वाटीवाटीने सगळ्यांपुढे ठेवला.

"सांग त्यांना," ती मला म्हणाली, "ही काकवी. आमच्याकडे मुद्दाम करतात."

मी सांगितलं. म्हातारीने बोट बुडवून चाखलं, मग चपाती, मग आणखी एक चपाती. दुपारपर्यंत शेजारच्या तीन घरांतल्या बायका खाऊन गेल्या.

स्तूपावर आम्ही त्यानंतर गेलो. म्हातारी यायला तयार नव्हती. ती लहान असताना तिथे बकऱ्या चरायच्या, पोरं वर जाऊन बसायची. मग कुंपण आलं, फाटक आलं, परगावचे लोक आले, आणि वीसेक वर्षं तिने तिकडे पाऊल टाकलं नव्हतं. आईने तिचा हात धरला तो सोडलाच नाही. शेवटी म्हातारीने नवा रुमाल बांधला आणि निघाली.

पायऱ्या उंच आणि आईचे गुडघे दुखरे. दोघी एकमेकींच्या आधाराने एकेक पायरी चढल्या. पहिल्या सज्जात बुद्धाचं चरित्र कोरलंय. आई प्रत्येक शिल्पापुढे थांबून सांगत गेली, ही महामाया, हा स्वप्नातला हत्ती. मी ते इंग्रजीत करायचे, शेजारीण जावानीजमध्ये. पण म्हातारीचं बोट भलतीकडेच जायचं. हा घडा आमच्या घरात आहे. हा फणस. हे छप्पर माझ्या आजीच्या घराचं. कोरणारा आमच्याच गावातून बघून गेला असणार, असं तिने ठरवून टाकलं.

"मला इतकी वर्षं फक्त राजा-राणी दिसत होते," आई मला म्हणाली. "हिला घर दिसलं बघ."

वर पोचल्यावर आईने बसून त्रिसरण म्हटलं. म्हातारी आईची पिशवी मांडीवर घेऊन शेजारी बसली. मग तिने खाली झाडांमधून निघणारा धूर दाखवला. तिची सून चुलीवर कढई चढवून बसली होती. आईने त्या धुराकडे बघून हात जोडले, का ते मी विचारलं नाही.

ऑकलंडच्या विमानतळावर आईने फॉर्मवरच्या खाण्याच्या प्रत्येक रकान्यात हो लिहायला लावलं. तपासणाऱ्या माओरी बाईने किया ओरा असा नमस्कार करून बॅग उघडली, गुळाच्या ढेपा हुंगल्या, स्वीट ॲज, म्हणजे एकदम झकास, म्हणाली आणि जाऊ दिलं. ढेपा ज्यांत होत्या त्या करवंट्या मात्र ठेवून घेतल्या.

शेजारीण परत आल्यावर दर रविवारी गावाकडे फोन लावायची आणि मधली पाच मिनिटं आईला द्यायची. आई मराठीत बोलायची, पलीकडून जावानीज ऐकू यायची, बहुतेक वेळा दोघी एकदमच. एका रविवारी फोन ठेवून आई म्हणाली, त्यांच्या सुनेला दिवस गेलेत. मला खरं वाटेना. मी शेजारणीला विचारलं, तर तिलाही ते ठाऊक नव्हतं. तिने लगेच परत फोन लावला, आणि बातमी खरी निघाली.