पुलापलीकडे दूध

कपड्यांच्या कारखान्यात काजं करण्याच्या मशीनवर ती बसायची. लहानथोर सगळेच तिला ताई म्हणत, आणि जरा जपूनच म्हणत, कारण ताईच्या जिभेला हाड नव्हतं. घरात ती, धाकटा भाऊ आणि त्याची बायको. भाऊ जहाजावर कामाला. वर्षातले बरेच महिने पाण्यावरच असायचा. मागे राहिलेल्या नणंद-भावजयीतून विस्तव जात नव्हता. दोन खोल्यांत दोघी भांड्यांच्या आवाजानेच एकमेकींना काय ते सांगत.

आणि भावजय दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली.

मुलगी जेमतेम तळहातात मावेल एवढी. जवळच्या दवाखान्यानं हात टेकले आणि तिला नदीपलीकडच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथं तिला काचेच्या पेटीत ठेवलं. इकडे भावजयीचे टाके चिघळले, अंगात ताप भरला. ती घरी अंथरुणाला खिळली. औषधं सांभाळून दिली होती, दूध बाळाला चालणार होतं. "आईचं दूधच तिला तारेल," नर्स म्हणाली, "रोज आणून द्या."

आणून देणार कोण? ताईच.

सकाळची पाळी संपली की ती घरी यायची. भावजयीनं काढून ठेवलेली बाटली बर्फाच्या डब्यात घालायची आणि निघायची. कोपऱ्यावरनं बाजारापर्यंत बस, बाजाराच्या गल्ल्यांत बस शिरत नाही म्हणून तिथून सायकलरिक्षा, मग पुलावरून जाणारी दुसरी बस. डबा मांडीवर घट्ट धरून बसायची. कुणी विचारलं, "मावशी, जेवणाचा डबा का?" की म्हणायची, "औषध आहे, धक्का लावू नका." परक्या माणसांसमोर दूध म्हणायला तिची जीभ अडायची.

बाजारातला रिक्षावाला ठरलेला होता. काडीसारखा म्हातारा, म्हणून त्याला सगळे पैलवान म्हणत.

एका दुपारी पुलाच्या तोंडाशी ट्रक कलंडला. बस थांबली ती थांबलीच. पत्रा तापला, माणसं घामाघूम झाली. डब्यातलं बर्फ खुळखुळायला लागलं.

"दार उघडा, मी चालत जाते," ताई कंडक्टरला म्हणाली.

"स्टॉपशिवाय उघडता येत नाही."

"मग स्टॉप इथं आणा."

लोक हसले. कंडक्टर हसला नाही, पण थोड्या वेळानं त्यानं दार उघडलं. पुलावर पायी माणसालाही वाट नव्हती. ती मागे धावत बाजारात आली. पैलवाननं काही न विचारता रिक्षा खालच्या जुन्या पुलाकडे वळवली. अर्ध्या वाटेत साखळी उतरली. काळ्या हातांनी तो ती बसवत होता आणि ताई डब्यावर पदर धरून उन्हात उभी होती. तिला रडू येत होतं आणि त्या रडण्याचाच राग येत होता.

वॉर्डात नर्सनं बाटली हातात घेतली, हुंगली आणि मान हलवली. "कोमट झालंय. एवढ्या लहान जिवाला हे देता येणार नाही."

"चव घेऊन बघा, चांगलं असेल," ताई म्हणाली.

नर्सनं दूध मोरीत ओतलं. "वजन उतरतंय तिचं. आईलाच आणा. खाली बाळांच्या आयांना राहायला खोली आहे. ताप आम्ही इथं बघू."

परतीच्या बसमध्ये ताई खोटं जुळवत राहिली. प्यायली म्हणावं, मजेत आहे म्हणावं. दारातच भावजयीनं विचारलं, "प्यायली का?"

"नाही. नासलं. ओतून दिलं." मग ती म्हणाली, "उद्या तुला यायचंय माझ्याबरोबर."

भावजय भिंतीला धरून उठली आणि पिशवीत कपडे भरू लागली.

दुसऱ्या दिवशी बसची पायरी तिला चढवेना. ताईनं मागून आधार दिला आणि आत शिरताच अशी तोंड वाजवत सुटली की तीन जण एकदम उठून उभे राहिले. बाजारात पैलवाननं त्या दोघींकडे बघितलं आणि तो सीटवर बसलाच नाही. हँडल धरून, खड्डे चुकवत रिक्षा चालत ओढू लागला. तरी प्रत्येक दणक्याला भावजय ताईचा हात आवळायची.

"ताई, तुम्हाला मी आवडत नाही ना?" तिनं मधेच विचारलं.

"नाही आवडत," ताई म्हणाली. "आता गप बस. टाके ओढले जातील."

हात मात्र तिनं सोडला नाही.

पेटीला एक गोल भोक होतं. त्यातून भावजयीनं बोट आत घातलं. पोरीनं ते धरलं नाही, डोळेही उघडले नाहीत. दोघी तशाच उभ्या राहिल्या, नर्सनं बाहेर काढेपर्यंत.

पुढचे आठवडे वाईट गेले. भावजय खालच्या खोलीत राहिली आणि ताई तिला जेवण-कपडे पोचवत राहिली. ताईच्या कामाच्या पाळ्या चुकल्या. कारखान्यात तिचं मशीन दुसरीला दिलं आणि तिला दोरे कापायला बसवलं. ती मूग गिळून बसली. जहाजावरनं भावाचा फोन यायचा तेव्हा बाळाचं सगळं सांगायची, मशीनचं नाही.

पोर घरी आली, पण एका कानानं ऐकू येत नव्हतं. बरंच काही पुढं कळेल, असं डॉक्टर म्हणाले. आता महिन्यातून एकदा तिघी त्याच वाटेनं तपासणीला जातात. नणंद-भावजयीत गोडीगुलाबी झाली असं काही नाही. पोरीच्या ऐकत्या कानाच्या बाजूला कोणी बसायचं, यावरून बसमध्ये दर वेळी दोघींची हुज्जत होते.