मुनेम्माने वेगळी केलेली कासवं

मुनेम्माला वनखात्याच्या आमच्या रेंज ऑफिसात पहिल्यांदा आणलं तेव्हा ती आरोपी होती. शेळ्या राखताना भुईमुगाच्या बांधांवर सापडलेली सतरा चांदणी कासवं तिने घरात टोपल्यांखाली झाकून ठेवली होती. मदनपल्लीचा एजंट ती न्यायला यायच्या आधी आमचे गार्ड पोचले. पंचनामा मी लिहिला. मी तिथला कारकून. अंगठा उठवून झाल्यावर तिने मला विचारलं, "अय्या, यांना आता खायला कोण घालणार?"

कोण घालणार, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. गार्डांनी कोबी आणि उरलेला भात टाकला होता. जामीन मिळाला त्याच्या दुसऱ्या दिवशी ती आली. डोक्यावर गवताचा भारा होता आणि पदरात काटे खरवडून काढलेली नागफण्याची पानं. मग रोजच यायला लागली. नवरा बांधकामावर म्हणून बेंगळुरूला गेला तो तिकडचाच झाला होता, मुलगी पुंगनूरला दिलेली. घरी वाट बघणारं कुणी नव्हतं. सहा महिन्यांनी रेंजर वीरभद्रय्यांनी तिचं नाव रोजंदारीच्या हजेरीत घातलं. गार्ड तिला ताबेलम्मा म्हणायचे, म्हणजे कासवम्मा. सकाळी फाटकातून येताना कुणीतरी हटकायचंच, "काय म्हणतंय सासर?" ती म्हणायची, "तुझ्यापेक्षा बरं. जेवल्यावर निदान गप्प बसतं."

कासवांच्या शेडमागे कुंपण घातलेला मातीचा तुकडा होता. चाळीसेक कासवं मावतील एवढा. एका डिसेंबरात विमानतळावर पकडलेल्या बॅगांतून दोनशे एकतीस आली. प्रत्येकाचे पाय आत दाबून वरून चिकटपट्टी लावलेली. मुनेम्मा आणि मी दोन दिवस कोमट पाण्यात बुडवून पट्ट्या सोडवत होतो. माझ्या हातून एकाचं खवलं निघालं तेव्हा तिने ते कासव माझ्याकडून काढून घेतलं आणि मला पाणी तापवायला पाठवलं.

वरून आदेश आला, की जनावरं ज्या मुलखातली असतील त्या मुलखात पाठवा. इथली इथे सोडा, बाहेरची बाहेर. पण बॅगेवर मुलूख लिहिलेला नसतो. आमच्याकडे तेव्हा डॉक्टरही नव्हता. वीरभद्रय्यांनी मुनेम्माला बोलावून घेतलं.

"तू आयुष्यभर हीच गोळा केलीस. आपली कुठली, परकी कुठली, सांगता येईल?"

ती म्हणाली, येईल. आपल्या डोंगरातल्याच्या पाठीवर प्रत्येक खवल्यात पिवळा ठिपका लहान असतो आणि त्यातून रेघा बारीक निघतात, दहा-बारा. या जाड रेघांची, पाच-सहावाली, ती उत्तरेकडच्या वाळूतली. एजंट तसं सांगायचा, आणि तिने स्वतःही पाहिलं होतं.

तिला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. त्या दिवशी साहेब खुर्ची घेऊन शेडमध्ये बसले होते, मी कागद धरून उभा होतो, आणि ती एकेक कासव उचलून, त्याची पाठ उन्हाकडे करून, "आपलं", "परकं" असं म्हणत होती. एकदाही अडखळली नाही. अठ्ठ्याऐंशी आपली निघाली, एकशे त्रेचाळीस परकी. यादी मी टाइप केली, साहेबांनी सही केली. परक्यांना जानेवारीत ट्रकने उत्तरेकडच्या एका केंद्रात पाठवलं. तीन दिवसांचा प्रवास. मुनेम्माने खोक्यांत गवत अंथरलं आणि ड्रायव्हरला दोनदा बजावलं, की वाऱ्याला ताडपत्री उघडू नको.

उन्हाळ्याच्या तोंडावर तिकडून पत्र आलं. थंडीत नाकं वाहायला लागली, कासवांनी खाणं सोडलं. एकोणीस उरली आहेत. वीरभद्रय्यांनी पत्र वाचलं आणि म्हणाले, फाइलला लाव. मी लावलं. मुनेम्मा विचारायची, "तिकडची खुशाली?" मी म्हणायचो, पत्र आलं की सांगतो. हे माझं खोटं मी कबूल करतो.

आपली अठ्ठ्याऐंशी मात्र सोडायची राहिली. परवानगीच्या कागदाला एक सही कमी होती, मग ती सही करणाऱ्याची बदली झाली. दरम्यान त्यांतल्या एका मोठ्या मादीने कडुनिंबाखाली मागच्या पायांनी खड्डा उकरला. जमीन कडक होती, तर मुतून मऊ करत उकरला. पाच अंडी. मुनेम्माने वर जाळीची पेटी पालथी घातली आणि चार महिने कुणाला तिकडे फिरकू दिलं नाही. चार पिल्लं निघाली, अक्रोडाएवढी. एकाच्याही पाठीवर नीट रेघ नव्हती, नुसते पिवळे पट्टे. रेघा वाढीबरोबर फुटतात, म्हणाली.

ती चार तिने वेगळी वाढवली. कोवळं गवत, जास्वंदीची फुलं, शेवग्याचा पाला. कोबी कुणी आणला तर ती कुंपणाबाहेर फेकायची, कारण असलं खाऊन पाठीवर टेंगळं येतात. जेवणाच्या सुट्टीत आम्ही रागी मुद्दा, म्हणजे नाचणीचे उकडलेले गोळे, खात बसायचो तेव्हाही ती त्या पेटीशेजारी.

तिसऱ्या वर्षी आमच्याकडे डॉक्टर आली, प्रत्यूषा, शिकून नुकतीच बाहेर पडलेली. एका दुपारी मी तिच्या सहीसाठी शेडमध्ये गेलो तर मुनेम्माने चारही पिल्लं फरशीवर ओळीत ठेवली होती आणि ती त्यांच्याकडे बघत बसली होती. एकाला बारीक बारा रेघा. दुसऱ्याला जाड सहा. तिसऱ्याच्या रेघा मध्येच तुटलेल्या, आणि चौथं या सगळ्यांच्या मधलं.

"डॉक्टरबाई, ही एकाच आईची. एकाच खड्ड्यातली. मी स्वतः बघितलंय."

"असणारच, मुनेम्मक्का," प्रत्यूषा म्हणाली. "सख्खी भावंडं एकसारखी दिसायलाच हवीत असं थोडंच आहे?"

"मग पाठ बघून कुठलं ते कळतं ना?"

"थोडा अंदाज येतो कधी कधी. पण एकेक कासव हातात धरून हे इथलं, हे तिथलं, असं नाही कोणी सांगू शकत. मीही नाही."

मुनेम्माने जाड रेघांचं पिल्लू उचललं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अय्या, ती एकशे त्रेचाळीस कशी आहेत?"

मी फाइल आणली. पत्र वाचून दाखवलं. तिने आकडा पुन्हा वाचायला सांगितला, मी पुन्हा वाचला. प्रत्यूषा म्हणाली, "अक्का, ही चूक तुमच्या एकट्याची नाही. विचारणाऱ्यांनीच चुकीचं विचारलं." मुनेम्मा म्हणाली, "त्यांनी विचारलं, बाई. सांगितलं मी." मग तिने पिल्लं एकेक करून पेटीत ठेवली आणि पाणी बदलायला गेली.

पुढे प्रत्यूषाने खटपट करून अठ्ठ्याऐंशींतल्या काहींचं रक्त तपासायला पाठवलं. अकरा महिन्यांनी निकाल आला. दोन-तीन मुलखांची सरमिसळ होती. म्हणजे यांनाही इथे सोडता येणार नव्हतं. आणि जागा नाही म्हणून पाठोपाठ दुसरा आदेश आला: नर-मादी वेगळे ठेवा, पैदास बंद करा, अंडी दिसली तर काढून टाका.

नर वेगळे केले, पण माद्या अंडी घालतच राहिल्या. प्रत्यूषाने सांगितलं, की यांच्या पोटात नराचं बीज दोन-दोन वर्षं टिकतं. गार्डांना खड्डे ओळखू येत नव्हते. मुनेम्माला यायचे. तेव्हा ते कामही तिच्याकडेच आलं. पावसाळ्यानंतर रोज सकाळी ती खुरपं घेऊन कुंपणाच्या आत जायची, ओली माती हाताने बाजूला करायची, अंडी पदरात घ्यायची आणि प्रत्यूषाच्या हवाली करायची. मी एकदा म्हणालो, दिसली नाहीत म्हणून सांग, कोण बघतंय? ती म्हणाली, "आणि पिल्लं निघाली की कुठे ठेवू? माझ्या टोपलीखाली?"

मी निवृत्त व्हायच्या महिन्यात पुन्हा पकडलेली कासवं आली, या वेळी ट्रकने. तीनशेच्या वर, खोक्यांत भरलेली. नवे रेंजर जुनी फाइल चाळून आले होते. माझी टाइप केलेली यादी त्यांच्या हातात होती. त्यांनी मुनेम्माला हाक मारली, तिच्यासाठी स्टूलही मागवलं, आणि म्हणाले, की तुम्हाला पाठ वाचता येते असं रेकॉर्डमध्ये आहे, तर घ्या सुरुवात करून.

ती स्टुलावर बसली नाही.

"मला कळत नाही, अय्या."

"अहो, मागच्या वेळी तर तुम्हीच..."

"नाही कळत."

रेंजर माझ्याकडे बघायला लागले. मी प्रत्यूषाला बोलवा म्हणालो. ती आली, तिने सांगायचं ते सगळं सांगितलं, रेंजरांनी मान डोलावली आणि विचारलं, मग यांचं करायचं काय? प्रत्यूषा म्हणाली, वर लिहू. तोवर मुनेम्मा कोयता घेऊन मागच्या दाराने नागफणा तोडायला गेली होती.